इंटरप्टमधली रेस कंडिशन: चुकणारा आकडा कसा पकडायचा आणि कसा दुरुस्त करायचा

बेळगावात उद्यमबाग किंवा मच्छेकडच्या कारखान्यांत प्रोजेक्ट मिळालेल्या मुलांच्या वाट्याला बरेचदा हेच काम येतं: कन्व्हेयरवरून जाणारे नग मोजायचे. एक प्रॉक्सिमिटी सेन्सर, एक अर्डुइनो उनो, एक एलसीडी. आठ-पंधरा दिवस सगळं सुरळीत चालतं आणि एके दिवशी शॉपवरून निरोप येतो, "आकडा चुकूलालाय बघ." जाऊन बघावं तर बोर्ड शहाण्यासारखा मोजत बसलेला. रीसेट केला, वायर दाबून बघितली, चहा घेतला, परत आले. थोड्या दिवसांनी पुन्हा तोच निरोप.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून डिप्लोमा करून आलेल्या किंवा बेळगावात इंजिनिअरिंगच्या मधल्या वर्षांत असलेल्या, सी बऱ्यापैकी येणाऱ्या पण इंटरप्टशी पहिल्यांदाच गाठ पडलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. इंटरप्ट म्हणजे चाललेलं काम थांबवून प्रोसेसरला दुसरीकडे वळवणारा हार्डवेअरचा इशारा, हँडलर म्हणजे त्या इशाऱ्यावर चालणारं फंक्शन, आणि रेस कंडिशन म्हणजे दोघं एकाच डेटाला हात लावत असताना कोण कधी घुसला यावर निकाल बदलणं. सुरुवात उनोवर करू, कारण तिथे प्रत्येक बाइट हाताने मोजता येतो. मग तोच दोष ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये कसा दिसतो ते बघू. फंक्शनांची आणि रजिस्टरांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, एडिटरमध्ये दिसली की ओळखू येतील.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात क्रिटिकल सेक्शन (एका वेळी एकानेच चालवायचा कोडचा भाग) सगळ्यांनीच लिहिलेलं असतं, पीटरसनचं सोल्युशनसुद्धा. तेच सोल्युशन इंटरप्ट हँडलरला लावायला गेलात तर बोर्ड जागच्या जागी अडकेल. पीटरसनमध्ये दुसरा बाहेर पडेपर्यंत पहिला लूपमध्ये वाट बघतो. हँडलर असा वाट बघत बसला तर मुख्य प्रोग्राम एक पाऊलही पुढे सरकत नाही, कारण हँडलर संपल्याशिवाय त्याची पाळीच येत नाही. एका कोअरवर हा मामला एकतर्फी आहे. हँडलर मुख्य प्रोग्रामला कुठल्याही दोन इन्स्ट्रक्शनच्या मध्ये तोडू शकतो, मुख्य प्रोग्राम हँडलरला तोडू शकत नाही. म्हणून सांभाळून घ्यायचं काम मुख्य प्रोग्रामनेच करायचं. दुसरा कोअर आला की हा एकतर्फीपणा संपतो आणि उपायही बदलतो.

आधी सेन्सरला निर्दोष सोडा

शॉपमध्ये मोठी मोटर चालू झाली, कॉन्टॅक्टर ओढला गेला की सेन्सरच्या लांबलचक वायरवर खोटे पल्स येतात. एका नगाला दोन पल्सही येऊ शकतात. हा दोष रेसचा नाही, आणि तो कोडमध्ये शोधत बसलात तर दिवस वाया जाईल. दोन्ही दोषांची लक्षणं वेगळी असतात.

खोट्या पल्सने आकडा हळूहळू जास्त होतो आणि जास्तच राहतो. अर्धवट वाचनाची रेस असेल तर आकडा एकदाच भलतीकडे उडी मारतो आणि पुढच्याच वाचनाला गुपचूप जागेवर येतो. वाढवण्या-घटवण्याची रेस असेल तर एखादा नग गायब होतो आणि तो परत मिळत नाही. तेव्हा शॉपवाल्याला "चुकतो म्हणजे नेमका कसा?" एवढं एक विचारून घ्या. मधूनच ५११ दिसला आणि गेला, असं उत्तर आलं तर सेन्सरला हात लावायची गरज नाही.

५११ कुठून आला

उनोवरचा एटीमेगा ३२८पी हा प्रोसेसर आठ बिटांचा, म्हणजे एका वेळी एकच बाइट उचलणारा. मोजणी दोन बाइटांची ठेवली की ती वाचायला दोन इन्स्ट्रक्शन लागतात: आधी खालचा बाइट, मग वरचा. समजा मोजणी २५५ आहे. खालचा बाइट २५५, वरचा शून्य. मुख्य लूपने खालचा वाचला, हातात आले २५५. नेमका त्याच क्षणी नग सेन्सरसमोरून गेला. हँडलरने मोजणी २५६ केली, म्हणजे खालचा बाइट शून्य आणि वरचा एक. हँडलर संपला, मुख्य लूपने उरलेलं काम केलं आणि वरचा बाइट वाचला: एक. आता त्याच्या हिशोबाने मोजणी झाली २५६ अधिक २५५, म्हणजे ५११.

मोजणी कधीच ५११ नव्हती. आधी २५५ होती, नंतर २५६ झाली. कंपायलरने वरचा बाइट आधी वाचला असता तर ५११ ऐवजी शून्य दिसलं असतं. दोन्हींची खूण एकच: चूक २५६च्या पटीशीच होते. ५११वरून ५१२ होताना ७६७ दिसेल. असे आकडे लॉगमध्ये दिसले की निम्मं निदान झालं.

ही चूक इतकी क्वचित का होते तेही बघा. १६ मेगाहर्ट्झवर एक सायकल ६२.५ नॅनोसेकंदांची. मेमरीतून एक बाइट उचलायला दोन सायकल, म्हणजे दोन वाचनांमधली फट साधारण १२५ नॅनोसेकंदांची. त्या फटीत पल्स यायला हवा, आणि तोही नेमका २५६ वा. एलसीडी सेकंदाला दोनदाच ताजा होत असेल तर हा योग जुळायला आठवडे लागणारच. टेबलावर पाच मिनिटं टेस्ट करून "सर, चालतंय" म्हणण्याला इथे काही अर्थ नाही.

दुसरा प्रकार जास्त वाईट. समजा ५० नग झाले की पेटी भरली असं धरून मुख्य लूप मोजणीतून ५० वजा करतो. त्याने मोजणी वाचली, ५०. वजाबाकी केली, शून्य. लिहायच्या आधी हँडलर आला आणि मेमरीत ५१ लिहून गेला. मग मुख्य लूपने आपल्या हातातला शून्य लिहिला. एक नग गेला. वाचणं, बदलणं, परत लिहिणं या तीन कृतींच्या मध्ये कोणीही घुसलं तरी हेच होणार. बत्तीस बिटांचे बोर्ड घेतल्याने यातून सुटका नाही. एसटीएम ३२ वर चार बाइटांची नीट बसवलेली संख्या एका दमात वाचली जाते, त्यामुळे ५११ची भानगड टळते, पण एक मिळवणं तिथेही उचल, मिळव, ठेव असंच चालतं.

हे कागदावर एकट्याने समजत नसेल तर लॅबमधल्या जोडीदाराला समोर बसवा. एकाने मुख्य लूप व्हायचं, दुसऱ्याने हँडलर. मधे एक कागद, त्यावर दोन चौकटीत दोन बाइट. मुख्य लूपवाल्याने एकेक इन्स्ट्रक्शन मोठ्याने म्हणत जायचं, हँडलरवाल्याने वाटेल तिथे "थांब" म्हणून आपलं काम पूर्ण करायचं. जोडीदार कन्नड बोलणारा असला तरी काही बिघडत नाही, आपल्याकडच्या लॅबमध्ये निम्मं बोलणं तसंही दोन्हीत चालतं. फट नेमकी कुठे आहे हे या खेळात जितकं लवकर कळतं तितकं डीबगरमध्ये कळत नाही.

दुरुस्तीआधी दोष हुकमी आणा

जो दोष हवा तेव्हा आणता येत नाही, तो गेला की लपला हे कधीच कळत नाही. म्हणून आधी फट रुंद करा. मोजणी शून्याऐवजी २५० पासून सुरू करा. वाचताना दोन्ही बाइट पॉइंटर लावून वेगवेगळे वाचा आणि मधे जाणूनबुजून काही मायक्रोसेकंदांचा डिले टाका. सेन्सरच्या जागी लॅबमधला फंक्शन जनरेटर जोडा. तो नसेल तर दुसऱ्या उनोवरून पल्स पाठवा, फक्त दोघांचे ग्राउंड जोडायला विसरू नका. मुख्य लूपमध्ये "नवा आकडा जुन्यापेक्षा १०० हून जास्त सरकला तर दिवा लाव" एवढी एक तपासणी घाला. काही सेकंदांत दिवा लागेल.

इथे बरेच जण उलटं करतात. प्रिंट टाकला की दोष दिसेनासा होतो, मग तो प्रिंट तसाच ठेवून प्रोजेक्ट सबमिट! प्रिंटने फक्त वेळ सरकवली. हँडलर आता दुसऱ्या जागी घुसतोय एवढंच.

सामायिक गोष्टींची यादी

आता वही घ्या आणि प्रत्येक ग्लोबल व्हेरिएबलपुढे लिहा: कोण लिहितं, कोण वाचतं, किती बाइट, आणि ते वाचून बदलून परत लिहिलं जातं का. ज्याला फक्त मुख्य लूप हात लावतो ते खोडून टाका. उरलेली यादी छोटी निघते, पण तीवरच सगळा जीव आहे. लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) कुठे लावायचं हा प्रश्न या यादीनंतर विचारायचा. आधी विचारलात तर जिथे गरज नाही तिथे लॉक बसतो आणि जिथे आहे ती जागा सुटते.

यादीत हार्डवेअरची रजिस्टरंही धरा, हे हमखास राहून जातं. एटीमेगा ३२८पीवर पोर्ट बीची एक पिन वर करणं ही एकच इन्स्ट्रक्शन असते, त्यामुळे तिथे रेस होत नाही. तोच कोड मेगा २५६० बोर्डावर पोर्ट एलसाठी लिहिला तर तो पत्ता वरच्या भागात असल्याने वाचणं, बदलणं, लिहिणं अशा वेगवेगळ्या कृती होतात आणि हँडलरने बदललेली शेजारची पिन पुसली जाते. सीमध्ये दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या दिसतात.

इंटरप्टच्या फ्लॅगचं (इंटरप्ट आला की चिप उभा करते त्या बिटाचं) आणखी वेगळं. एव्हीआरवर (उनो आणि मेगावरच्या चिपचं घराणं) फ्लॅग पुसायचा तर त्या बिटात एक लिहायचा असतो. सवयीने कोणी "किंवा-बरोबर" चिन्ह वापरलं की आधीचं रजिस्टर वाचलं जाऊ शकतं, मग त्यात उभे असलेले सगळे फ्लॅग एक म्हणून परत लिहिले जातात आणि सगळेच पुसले जातात. दुसऱ्या पिनवर आलेला इंटरप्ट कोणाच्याही लक्षात न येता गेला. इथे सरळ बरोबर चिन्ह वापरून एकच बिट लिहायचा.

व्होलटाइल लागतंच, पण पुरत नाही

हँडलर आणि मुख्य लूप दोघांच्या हातातलं व्हेरिएबल व्होलटाइल हवंच. नाहीतर कंपायलर ते एकदा वाचून रजिस्टरमध्ये धरून ठेवतो आणि लूपला बदल कधीच दिसत नाही. पण व्होलटाइलने दोन बाइट एकमेकांना चिकटत नाहीत, आणि वाचणं-लिहिणं यांच्या मधली फटही बुजत नाही. ५११ व्होलटाइल असतानाही येतो.

इंटरप्ट बंद करा, पण आधीची स्थिती जपून

खरी दुरुस्ती चार ओळींची आहे:

    जुनी_स्थिती = एसरेग
    सीएलआय
    प्रत = मोजणी
    एसरेग = जुनी_स्थिती

एसरेग म्हणजे स्टेटस रजिस्टर, त्यातला एक बिट इंटरप्ट चालू की बंद ते सांगतो. सीएलआयने तो बंद होतो. मग दोन्ही बाइटांची प्रत काढायची आणि स्टेटस जसा होता तसा परत ठेवायचा. अर्डुइनोचं मिलिसेकंद मोजणारं मिलिस फंक्शन उघडून बघा, आत अगदी हेच केलेलं आहे, कारण त्याची मोजणी चार बाइटांची असते.

नवखा माणूस चौथ्या ओळीत हटकून एसईआय लिहितो, म्हणजे "इंटरप्ट चालू कर". एकट्या फंक्शनमध्ये हे चालून जातं. पण उद्या कोणीतरी हे फंक्शन आधीच इंटरप्ट बंद केलेल्या भागातून बोलावतो. तुमचा एसईआय आतून बाहेरच्याचंही संरक्षण काढून टाकतो, आणि बाहेरचं उरलेलं निम्मं काम उघड्यावर चालतं. रात्री घरात शिरताना कडी लावलेली होती की नव्हती ते बघून, जाताना तशीच ठेवायची, तसं हे. हँडलरमधून हे फंक्शन बोलावलं गेलं तर आणखी गोंधळ. एव्हीआर हँडलरमध्ये शिरताना इंटरप्ट आपोआप बंद करतो, आणि तुमचा एसईआय ते मधेच उघडतो.

एव्हीआर लिब्सी या सीच्या लायब्ररीमध्ये यासाठी तयार अ‍ॅटॉमिक ब्लॉक आहे. त्याला रिस्टोअर-स्टेट आणि फोर्स-ऑन असे दोन पर्याय देता येतात. फोर्स-ऑन म्हणजे आत लपलेला एसईआयच. रिस्टोअर-स्टेट घ्या आणि दुसऱ्याचा विचार सोडून द्या. एसटीएम ३२ सारख्या कॉर्टेक्स-एम बोर्डांवर एसरेगच्या जागी प्रायमास्क हे रजिस्टर येतं, पद्धत तीच: आधी वाचून ठेवा, बंद करा, काम करा, वाचलेलं परत लिहा. फ्रीआरटीओएस ही छोट्या बोर्डांची ऑपरेटिंग सिस्टीम वापरत असाल तर त्याचं एंटर-क्रिटिकल आत किती पातळ्या झाल्या ते मोजतं, त्यामुळे तिथे हा त्रास कमी.

बंद असतानाचा वेळ शक्य तेवढा छोटा ठेवा. आत फक्त प्रत काढायची. भागाकार, एलसीडीवर छपाई, सिरीयलवर पाठवणं सगळं बाहेर, आणि तेही प्रतीवर. इंटरप्टचा फ्लॅग एकच बिट असतो. बंद असताना दोन पल्स आले तरी एकच लक्षात राहतो. उनोवर टायमर शून्य दर १.०२४ मिलिसेकंदाला भरतो. दोनदा भरेपर्यंत तुम्ही इंटरप्ट बंद ठेवलेत तर घड्याळ मागे पडलं. सिरीयल तर त्याहून नाजूक. १,१५,२०० बॉडवर दर ८७ मायक्रोसेकंदांना एक बाइट येतो आणि एटीमेगा ३२८पीचा आतला बफर जेमतेम दोन बाइटांचा आहे. उलट ९६०० बॉडवर एक अक्षर पाठवायलाच एक मिलिसेकंदाहून थोडं जास्त लागतं. क्रिटिकल सेक्शनमध्ये प्रिंट लिहिणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी मांडून बघावेत.

"काम नाही, झोपतो" या ओळीतली रेस

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात ही भेटते. शेतातल्या पंपाचा कंट्रोलर करणाऱ्यांनी खास लक्ष द्यावं. मुख्य लूप फ्लॅग बघतो, म्हणजे काम आलं की हँडलर उभा करतो ते व्हेरिएबल. उभा नसेल तर प्रोसेसरला झोपवतो. फ्लॅग बघून झाला, नव्हता. झोपायच्या आधीच इंटरप्ट आला, हँडलरने फ्लॅग उभा केला आणि गेला. आता मुख्य लूप झोपतो. उठवणारा येऊन गेलेला आहे. पुढचा इंटरप्ट येईपर्यंत पंप तसाच.

फ्लॅग बघण्याआधी इंटरप्ट बंद करायचे हे सरळ आहे. पण बंद ठेवून झोपलो तर उठणार कसे, आणि चालू करून मग झोपलो तर तीच फट पुन्हा उघडते. चिप बनवणाऱ्यांनी याची सोय करून ठेवली आहे. एव्हीआरवर एसईआयनंतरची एक इन्स्ट्रक्शन पूर्ण झाल्याशिवाय थांबलेला इंटरप्ट घेतला जात नाही. म्हणून एसईआय आणि लगेच पुढच्या ओळीत स्लीप लिहायचं, मधे काहीही नाही. प्रोसेसर आधी झोपतो आणि लगेच उठवला जातो. एक्स ८६वर एसटीआय आणि हॉल्ट या जोडीला हाच नियम लागू आहे. कॉर्टेक्स-एमवर प्रायमास्क लावलेला असतानाही डब्ल्यूएफआय या झोपेच्या इन्स्ट्रक्शनमधून प्रोसेसर उठतो, तेव्हा तिथे बंद ठेवूनच झोपायचं आणि उठल्यावर उघडायचं.

या दोन ओळींच्या मध्ये डीबगसाठी दिवा लावायची ओळ घातली की संरक्षण गेलं. तिथे ठळक कॉमेंट लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या बॅचचा कोणीतरी नक्की घालणार.

कधीकधी बंद करायची गरजच नसते

हँडलर बाइट भरतो आणि मुख्य लूप काढतो असा रिंग बफर (शेवटाला पोचलं की पुन्हा सुरुवातीपासून भरला जाणारा) असेल, तर भरायचा इंडेक्स फक्त हँडलरने लिहावा आणि काढायचा इंडेक्स फक्त मुख्य लूपने. दोन्ही इंडेक्स एकेक बाइटाचे ठेवा. आधी डेटा लिहायचा, मग इंडेक्स सरकवायचा, हा क्रम मोडायचा नाही. कंपायलरनेही मोडू नये म्हणून डेटाही व्होलटाइल. "किती भरलेत" असं तिसरं व्हेरिएबल दोघांनीही बदलायचं ठेवलं की रेस परत आली. ते ठेवू नका, दोन इंडेक्सच्या वजाबाकीतून काढा.

दुसरा कोअर आला की

उनोवरून ईएसपी ३२वर गेलेल्यांचा कोड इथेच फसतो. त्या चिपच्या नेहमीच्या प्रकारात दोन कोअर असतात आणि इंटरप्ट बंद करणं फक्त आपल्या कोअरपुरतं असतं. हँडलर दुसऱ्या कोअरवर चालत असेल तर तो तुमच्या सीएलआयला भीक घालत नाही. म्हणून तिथल्या क्रिटिकल सेक्शनच्या फंक्शनला एक स्पिनलॉक (मिळेपर्यंत लूपमध्ये वाट बघायला लावणारा लॉक) द्यावा लागतो आणि हँडलरनेही तोच घ्यावा लागतो.

मग फक्त स्पिनलॉक का नको? समजा मुख्य कोडने लॉक घेतला आणि त्याच कोअरवर इंटरप्ट आला. हँडलर तोच लॉक मागतो. लॉक सुटायला मुख्य कोड पुढे जायला हवा, आणि तो हँडलर संपेपर्यंत जाणार नाही. पीटरसनच्या वेळी जे झालं तेच. तेव्हा दोन्ही लागतात: आपल्या कोअरवरचा हँडलर अडवायला इंटरप्ट बंद, दुसऱ्या कोअरवरचा अडवायला स्पिनलॉक. आणि क्रमही असाच, आधी बंद, मग लॉक, सोडताना उलट.

हे स्वच्छ लिहिलेलं बघायचं असेल तर एमआयटीची शिकवण्यासाठी केलेली एक्सव्ही ६ ही ऑपरेटिंग सिस्टीम घ्या. साध्या लॅपटॉपवर क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये चालते. तिच्या लॉक घेणाऱ्या अक्वायर फंक्शनची पहिलीच ओळ पुश-ऑफ आहे. पुश-ऑफ इंटरप्ट बंद करतं, किती पातळ्या झाल्या ते मोजतं आणि पहिल्या पातळीच्या आधी ते चालू होते का ते लिहून ठेवतं. पॉप-ऑफ शेवटची पातळी संपली की आणि आधी चालू असतील तरच उघडतं. वरच्या एसरेगच्या चार ओळींचंच हे मोठं रूप. मग टिक्सलॉक हा लॉक शोधा. टायमरचा हँडलर तो घेतो आणि प्रोसेसला ठराविक वेळ झोपवणारा सिस्टीम कॉलही तोच घेतो. पुश-ऑफ नसतं तर काय झालं असतं ते जोडीदाराबरोबर पुन्हा कागदावर खेळून बघा.

एक्सव्ही ६ चालवताना कोअरची संख्या देता येते. दोष एका कोअरवरही येत असेल तर तुमचा कोड आणि इंटरप्ट यांच्यात भांडण आहे. तीनवर येतो आणि एकावर कितीही ताण दिला तरी येत नाही, तर कोअर-कोअरमध्ये आहे. लिनक्समध्ये हेच बूट करताना मॅक्स-सीपीयूज एक देऊन बघता येतं.

लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र करणारं फंक्शन म्हणजे स्पिन-लॉक-आयआरक्यू-सेव्ह. त्याचा एक भाऊ आहे, नावात सेव्ह नसलेला. तो सोडताना इंटरप्ट डोळे झाकून चालू करतो, म्हणजे आपला जुना एसईआयच. हँडलरच्या आत नुसता स्पिन-लॉक पुरतो, कारण तिथे त्या कोअरवर इंटरप्ट बंदच असतात. शंका असेल तिथे सेव्हवालाच घ्या, थोडे सायकल गेले तर गेले. लॉक धरलेला असताना झोपू शकणारं काहीही बोलवायचं नाही: म्यूटेक्स (वाट बघताना झोपवणारा लॉक) नाही, साधं मेमरी मागणंही नाही, मागायचीच तर न झोपता मेमरी देणारा जीएफपी-अ‍ॅटॉमिक लावून. काम मोठं असेल तर हँडलरने फक्त हार्डवेअरला गप्प करावं आणि बाकीचं थ्रेडेड हँडलरकडे, म्हणजे वेगळ्या थ्रेडमध्ये चालणाऱ्या भागाकडे, द्यावं. त्याची सोय लिनक्समध्ये २००९ पासून आहे आणि नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण थ्रेडमध्ये म्यूटेक्स चालतो आणि निम्मी डोकेदुखी कमी होते.

ड्रायव्हर लावताना आणि काढताना

हँडलर नोंदवला त्या क्षणापासून तो येऊ शकतो. बफर, लॉक, पॉइंटर सगळं तयार झाल्यावर शेवटी नोंदणी करा. काढताना आधी हार्डवेअरचा इंटरप्ट बंद, मग फ्री-आयआरक्यूने हँडलरची नोंदणी रद्द, मग मेमरी सोडा. फ्री-आयआरक्यू दुसऱ्या कोअरवर चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतं, म्हणून हँडलरला लागणारा लॉक हातात धरून ते बोलवायचं नाही. डिसेबल-आयआरक्यूही तसंच थांबतं. ते त्याच हँडलरच्या आतून बोलावलं तर तो स्वतःचीच वाट बघत बसतो. आतून नो-सिंक प्रकार वापरायचा.

कर्नललाच शोधायला लावा

टेस्ट कर्नल बांधताना कॉन्फिगमध्ये प्रूव्ह-लॉकिंग चालू करा. लॉकडेप नावाची ही यंत्रणा २००६ पासून लिनक्समध्ये आहे. एखादा लॉक हँडलरमध्येही घेतला जातोय आणि दुसरीकडे इंटरप्ट चालू ठेवूनही, हे तिने एकेकदा बघितलं तरी पुरे. प्रत्यक्ष अडकायची वाट न बघता ती "इनकन्सिस्टंट लॉक स्टेट" म्हणून डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ओरडते आणि दोन्ही जागांचा माग छापते. जिथे लॉक घ्यायचाच राहिला आहे अशा जागा शोधायला केसीसॅन आहे, तो २०२०च्या ५.८ आवृत्तीत आला. तो मुद्दाम एखाद्या वाचनापाशी थोडा थांबतो आणि तेवढ्यात कोणी बदल केला का ते बघतो. आपण मघाशी दोन बाइटांच्या मधे डिले टाकला, तीच युक्ती. हे दोन्ही चालू असताना मशीन चांगलीच मंदावते, तेव्हा ते फक्त टेस्टपुरतं.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

फट रुंद केलेला जो कोड मघाशी काही सेकंदांत चुकत होता, त्यातच दुरुस्ती घाला. डिले काढू नका. तासभर फंक्शन जनरेटर फिरवा. दिवा लागला नाही तर मग डिले काढा, आणि पाठवलेले पल्स व मोजलेले नग जुळतात का ते वेगळं बघा, कारण फार वेळ इंटरप्ट बंद ठेवल्याने हरवलेले पल्स पहिल्या टेस्टमध्ये दिसत नाहीत. त्यानंतर दुरुस्ती काढून परत एकदा चालवा. दोष परत यायला हवा. आला नाही तर तुमच्या दुरुस्तीने काही केलेलंच नाही, दुसऱ्या कशाने तरी वेळ सरकली आहे.

कमिट मेसेजमध्ये "रेस दुरुस्त केली" एवढंच लिहू नका. डावीकडे मुख्य कोडच्या ओळी, उजवीकडे हँडलरच्या, वरून खाली वेळेच्या क्रमाने, अशा दोन रांगा मांडा. कागदावर जोडीदाराबरोबर खेळलात तेच. कुठलं व्हेरिएबल, कुठल्या लॉकखाली, हे व्हेरिएबलच्या घोषणेशेजारी कॉमेंटमध्ये लिहा. लिनक्सला पॅच पाठवत असाल तर ज्या कमिटने दोष आणला त्याच्या हॅशची पहिली किमान बारा अक्षरं आणि त्याचं शीर्षक घालून फिक्सेसची ओळ जोडा, म्हणजे जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना तो कुठे कुठे लावायचा ते कळतं.